चिंचेच्या झाडाचा भाव जळणाच्या दराने लावू नका
रस्ता रुंदीकरणाचे अधिकारी आणि वृक्षतोडीला मंजुरी देणाऱ्या समितीस खुले पत्र

महोदय,

आमच्या गावाच्या वेशीपासून तालुक्याकडे जाणाऱ्या साडेचार किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचेची झाडे आहेत. पौषात चिंचा गाभुळायला लागल्या की आम्ही बायका झाडाखालून जाताना मान वर करून यंदाचा बार कसा आहे याचा अंदाज घेतो. या वर्षी मान वर करण्याआधीच नजर खोडांवर अडली. प्रत्येक खोडाची साल छातीच्या उंचीवर तासून तिथे लाल रंगात आकडा टाकलेला होता, आणि क्रमांक 1 च्या झाडाला आपली नोटीस खिळ्याने ठोकलेली होती. हरकती नोंदवण्यासाठी सात दिवसांची मुदत होती. मी हरकत नोंदवली, सुनावणीलाही आले. चाळीस मिनिटांत तीन गावांच्या हरकती ऐकून झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात तोडीला मंजुरी मिळाल्याचे कळले. माझ्या लेखी हरकतीला लेखी उत्तर आलेले नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझा यात स्वार्थ आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. या रस्त्यावरच्या झाडांच्या फळांचा दरवर्षी लिलाव होतो. माझी आजी, नंतर आई आणि निवृत्त झाल्यापासून मी, अशा तीन पिढ्या आम्ही त्यातली अकरा झाडे घेत आलो आहोत. फाल्गुनात झोडपणारे गडी बोलवायचे, चिंचा पोत्यांत भरून अंगणात आणायच्या, दोन दिवस कडक ऊन द्यायचे आणि मग गल्लीतल्या पंधरा-सोळा बायका दगडावर चिंच ठेवून लोखंडी सळईच्या तुकड्याने फोडायला बसतात. टरफल वेगळे, शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे आणि गर वेगळा. मजुरी किलोवर ठरते. खरिपाची सुगी संपलेली, ज्वारी काढून झालेली आणि पेरणीला अजून तीन महिने अवकाश, अशा दिवसांत आमच्या कोरडवाहू भागातल्या बाईला घराजवळ, सावलीत आणि मूल मांडीजवळ ठेवून करता येईल असे दुसरे काम मला माहीत नाही. माझे डी. एड.चे शिक्षण याच चिंचेवर झाले. वसतिगृहाचे पैसे भरायची वेळ आली की आई बार्शीच्या बाजारात फोडलेली चिंच घालून यायची.

आता तक्रारींकडे वळते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आपण लावलेल्या किमतीबद्दल आहे. प्रस्तावासोबतचा तक्ता मी मागून घेतला आणि दोनदा वाचला. त्यात झाडाचा क्रमांक, प्रजाती, घेर, अंदाजे वय, मिळणारे लाकूड आणि त्याचे मूल्य असे रकाने आहेत. फळाचा रकाना नाही. चिंच ‘इतर’ या सदरात घातलेली असून तिचे लाकूड जळाऊ म्हणून धरले आहे. झाड क्रमांक 23 ची किंमत या हिशेबाने 6,800 रुपये निघाली. हे झाड माझ्या लिलावातले आहे. गेल्या हंगामात त्याची टरफलासकट दीड क्विंटलच्या वर चिंच निघाली आणि फोडलेला गर विकून साडेसात हजारांहून थोडे जास्त आले. फोडण्याची मजुरी त्यातूनच गेली हे खरे, आणि चिंच एक वर्ष भरभरून येते व पुढच्या वर्षी हात आखडते हेही खरे. पण दोन वर्षांची सरासरी काढली तरी आपण झाडाची जी कायमची किंमत ठरवली आहे, ती हे झाड दर दोन हंगामांत मिळवून देते, आणि अजून कित्येक वर्षे देत राहील. दुभत्या म्हशीचा भाव कोणी तिच्या कातड्यावरून ठरवत नाही. चिंचेच्या बाबतीत मात्र सरकारी कागदावर नेमके तेच झाले आहे.

गराशिवाय जे उरते त्याचाही हिशेब तक्त्यात कुठे नाही. शेंगेच्या वजनात निम्म्याहून थोडा जास्त गर आणि सुमारे एक तृतीयांश चिंचोके असतात. गेल्या वर्षी माझ्या अकरा झाडांची मिळून चौदा क्विंटल चिंच झाली. म्हणजे पावणेपाच क्विंटलच्या आसपास चिंचोके निघाले. तेही विकले जातात. त्यांची भुकटी कापडाला आणि तागाला खळ देण्यासाठी वापरतात, आणि हातमागावर घोंगडी विणणारे सणगर ताण्याला आजही चिंचोक्याचीच खळ लावतात. घोंगडी अंगावर कडक बसते ती त्यामुळे. लहानपणी चिंचोका मधोमध फोडून एक बाजू पांढरी, एक तपकिरी असे फासे आम्ही करायचो. अर्थात त्याची किंमत मी तक्त्यात मागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये, बंगालमधल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या प्रकरणात, झाडाचे मूल्य वर्षाला 74,500 रुपये धरून त्याला वयाने गुणावे असे सुचवले होते. मला स्वतःला तो आकडा फुगलेला वाटतो आणि त्या हिशेबाने भरपाई द्या असे मी म्हणणार नाही. पण 74,500 ला वयाने गुणावे आणि सगळे मिळून 6,800 धरावे, या दोहोंमध्ये खरी किंमत कुठेतरी असणार, आणि ती शोधण्याचा प्रयत्न आपण केलेला नाही, एवढे मला नोंदवायचे आहे.

दुसरी तक्रार वयाची. तक्त्यातल्या सगळ्या झाडांचे वय 30 वर्षे लिहिले आहे, जणू ती एकाच दिवशी एकाच रोपवाटिकेतून आणून लावली. माझी आजी पोलीस ॲक्शनच्या साली, 1948 मध्ये, लग्न होऊन या गावात आली. तेव्हा हा भाग नुकताच निजामाच्या राज्यातून सुटत होता, आणि त्या वेळीही दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटत होत्या असे ती सांगायची. क्रमांक 17 च्या झाडाचा घेर आम्ही दोरीने मोजला. छातीच्या उंचीवर तो 5 मीटर 20 सेंटीमीटर भरला. चिंच किती संथ वाढते हे ज्याने घरामागे एखादे रोप लावून पाहिले आहे त्याला विचारा. बियांपासून आलेल्या झाडाला पहिली शेंग धरायलाच आठ-दहा वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त.

वय चुकल्याने काय बिघडते, असे सुनावणीत विचारले गेले. शहरांना लागू असलेल्या 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात 2021 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. हा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे, हे मला ठाऊक आहे. आमचा रस्ता ग्रामीण भागात येतो आणि आपण त्याच्या कलमांनी बांधलेले नाही. तरीही हाच रस्ता तालुक्याच्या नगरपालिकेच्या हद्दीत शिरतो तिथली चिंच वारसा ठरावी आणि हद्दीच्या दगडाअलीकडची, तिच्याच वयाची चिंच जळण ठरावी, याचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करणार? ग्रामीण भागातही चिंच बेवारस नाही. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, हिरडा यांच्या बरोबरीने चिंचेचे नाव आहे. शेतकऱ्याला आपल्या बांधावरची चिंच तोडायची झाली तर परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात. त्याला लावलेली काटेकोर फूटपट्टी आपण स्वतःलाही लावावी.

तिसरी तक्रार संख्येची. आपल्या यादीत 43 झाडे आहेत. आम्ही तीन जणांनी दोन दिवस चालून मोजली, ती 47 भरली. जी चार झाडे यादीत नाहीत, त्यांतली दोन सिमेंटच्या नळ्यांच्या मोरीजवळ आहेत आणि दोन दुसऱ्या किलोमीटरच्या वळणावर. त्यांच्यावर आकडेही नाहीत. यंत्र आले की रांगेतले झाड आकडा बघून वाचत नाही. ज्याची नोंदच नाही ते झाड पडल्यावर त्याचा जाब विचारायला कागद राहत नाही, आणि त्याचे लाकूड कुठल्या वीटभट्टीवर गेले हेही कळत नाही.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की आश्चर्य, हे मला ठरवता आलेले नाही. सुनावणीत एका अधिकाऱ्यांनी सांगितले की चिंच मूळची आफ्रिकेतली, ती देशी प्रजातीत मोडत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल एवढे हळवे होण्याचे कारण नाही. मूळ आफ्रिकेतले, हे बरोबर आहे. पण हे झाड या भूमीत इतके जुने आहे की अरबांनी त्याच्या फळाला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले, आणि युरोपातल्या भाषांनी व वनस्पतिशास्त्रानेही तेच नाव पुढे चालवले. जगाने जे झाड हिंदुस्थानच्या नावाने ओळखले ते आमच्याच रस्त्यावर परके ठरावे, याला काय म्हणावे? त्याच प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर भरपाई म्हणून लावायच्या झाडांची नावे आहेत. पहिले नाव गुलमोहराचे आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची फांदी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मोडते आणि शेंग कोणी खात नाही.

त्याच वेळी कोणीतरी चिंचेवरच्या हडळीचा विनोद केला आणि खोलीत हशा झाला. मीही हसले. हडळीच्या भीतीने तिन्हीसांजेला कुऱ्हाड घेऊन झाडाजवळ जायला माणूस कचरत असे, हा त्या समजुतीचा एक फायदाच होता.

पाचवी तक्रार भरपाईच्या लागवडीची. एका झाडामागे पाच रोपे, असे आपले वचन आहे. मागच्या वेळी याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात अशीच रोपे लावली गेली. ती मार्चमध्ये लागली, काहींच्या मुळांना प्लास्टिकची पिशवी तशीच होती, आणि मे महिन्यात तिथे फक्त लोखंडी पिंजरे उभे होते. आता पिंजरेही नाहीत. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने 2015 मध्ये केलेल्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या 1 टक्का रक्कम लागवड आणि देखभालीसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. आमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग नाही, पण देखभालीशिवाय लागवड म्हणजे नुसते खड्डे खणणे, हे तत्त्व रस्त्याच्या दर्जावर अवलंबून नसावे.

आपल्या बाजूचेही लिहायला हवे. रस्ता रुंद होऊ नये असे माझे म्हणणे नाही. उसाच्या ट्रॉल्या आणि एसटी समोरासमोर आल्या की दुचाकीवाला खाली उतरतो, हे मी रोज पाहते. आठ वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाचा मुलगा रात्री याच रस्त्यावर झाडाला धडकून गेला. त्याची आई त्या झाडाखालून अजून जात नाही, लांबच्या पाणंदीने जाते. तिच्यासमोर उभे राहून झाडे वाचवा म्हणणे मला सोपे नाही. पण त्या खोडावर तेव्हा पांढरा-काळा पट्टा नव्हता, चकाकणारी पट्टी नव्हती, वळणाचा फलक नव्हता, आणि आजही नाही. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, डबाभर रंग लागतो.

झाडे राखून सरकारी कारभार करता येतो याची उदाहरणे जवळच आहेत. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात जुन्या चिंचांवर चित्रबलाक पक्षी घरटी करतात, खाली लोकांची कागदपत्रांची कामे चालतात, आणि ते पाहायला माणसे लांबून येतात. कर्नाटकातल्या कोक्करेबेल्लूर गावात हेच पक्षी आणि झोळीवाले पाणकोळी गावातल्या चिंचांवर वीण करतात. पक्ष्यांमुळे चिंचेचे उत्पन्न बुडते म्हणून तिथले वनखाते झाडाच्या मालकांना नुकसानभरपाई देत आले आहे. म्हणजे चिंचेच्या फळाचे मोल सरकारी हिशेबात धरता येते, फक्त धरायची इच्छा हवी. आमच्याही तीन झाडांवर पावसाळ्यात बगळ्यांची घरटी असतात आणि तक्त्यात त्यांचा उल्लेख नाही. हैदराबादेत तर एका चिंचेखाली दरवर्षी लोक जमतात, कारण 28 सप्टेंबर 1908 च्या मुसी नदीच्या पुरात तिथल्या रुग्णालयाच्या आवारातल्या त्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड अजून उभे आहे. त्या वेळी आमचा जिल्हाही त्याच राज्यात होता, आणि त्या पुराची गोष्ट आजीने मला याच रस्त्यावरून जाताना सांगितली होती.

कोकणात आमसूल आहे, आमच्याकडे आमटीचा आंबटपणा चिंचेचाच. चैत्र-वैशाखात कोवळा चिगूर डाळीत पडतो, श्रावणात अळूच्या भाजीत कोळ पडतो, आणि कच्च्या चिंचेचा मीठ-मिरची घालून केलेला ठेचा कोरड्या भाकरीबरोबर चालतो. देवाची तांब्यापितळेची भांडीही चिंचेनेच घासली जातात. चिंच बाजारातून विकत आणता येईल, असे आपण म्हणाल. येईलच, पण मग ती कोणीतरी दुसऱ्या गावच्या रस्त्याकडेची असेल, आणि त्या रस्त्याचेही रुंदीकरण येईपर्यंतच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

तोडीचा आदेश फेरमोजणी होईपर्यंत थांबवावा. फेरमोजणी ग्रामस्थांसोबत व्हावी आणि तिच्यात सर्व 47 झाडे, त्यांचा घेर, जाणत्या माणसांना विचारून ठरवलेले वय, गेल्या तीन लिलावांची फळांची रक्कम आणि पक्ष्यांची घरटी यांची नोंद असावी. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

दुसऱ्या ते चौथ्या किलोमीटरमध्ये, जिथे 29 झाडे आहेत, तिथे पश्चिमेला गायरान आहे आणि खाजगी जमीन संपादन करावी लागत नाही. तिथे झाडांची एक रांग मधे दुभाजक म्हणून ठेवून नवी मार्गिका तिच्या पलीकडून नेता येईल का, याचा आराखडा तयार करावा. नेता येत नसेल तर का येत नाही, हे आकड्यांसह लेखी कळवावे. जुन्या चिंचेची मुळे खोल गेलेली असतात. ती उपटून दुसरीकडे लावण्याचे प्रात्यक्षिक आम्हाला नको आहे.

पुलाजवळची आणि आंधळ्या वळणावरची मिळून सहा झाडे जाणारच असतील तर मी त्यांना हरकत घेणार नाही. मात्र ती कोणती हे आधी जाहीर करावे आणि चालू हंगामाची चिंच उतरल्यावर, म्हणजे गुढीपाडव्यानंतर, पण पावसाळ्यात घरटी होण्याआधीच तोडावीत. यंदाचा फळांचा लिलाव अजून झालेला नाही. तो तातडीने घ्यावा. फळ झाडावर असताना झाड पाडणे आमच्याकडे कोणी करत नाही.

भरपाईची लागवड तोडीच्या आधी व्हावी, मृग नक्षत्रात व्हावी, आणि चिंचेचीच व्हावी. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने निवडलेला ‘प्रतिष्ठान’ वाण आहे; त्याची कलमे लावली तर चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरते. रोपे भविष्यातल्या रुंदीकरणाच्या रेषेबाहेर लावावीत, म्हणजे हेच पत्र पुन्हा कोणाला लिहावे लागणार नाही. तीन उन्हाळे टँकरने पाणी घालण्याचे काम आणि त्याची मजुरी गावातल्या बचतगटांना द्यावी, आणि पुढे त्या झाडांच्या फळांवर पहिला हक्क त्यांचा असावा.

आणि हा सगळा निर्णय होईपर्यंत, येत्या पंधरा दिवसांत, प्रत्येक खोडावर पांढरे-काळे पट्टे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. यासाठी कोणत्याही समितीच्या मंजुरीची गरज नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या अंगणात चिंच फोडायला सुरुवात होते. आपण किंवा आपले प्रतिनिधी त्या दिवसांत कधीही यावे. काटा अंगणातच असतो, झाड क्रमांक 23 ची चिंच आपल्यासमोर वजन करून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि अकरा झाडांची लिलावधारक

सोबत: 1) सर्व 47 झाडांची घेरासह यादी. 2) यादीतून सुटलेल्या चार झाडांची छायाचित्रे. 3) गेल्या तीन लिलावांच्या पावत्यांच्या प्रती. 4) गावातल्या 212 रहिवाशांच्या सह्या, त्यांत चुलत भावाच्या बायकोची सहीही आहे.